तुमी खऱ्या कशावरून?

५ नोव्हेंबर, बुधवार

नवी वही सुरू केली. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून तेहतीस वर्षं काढली, प्रत्येक पिशवीची नोंद करायची सवय हाताला लागली ती लागलीच. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी नोंदवल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही. कुणी वाचणार नाही हे ठाऊक असूनही सगळं नीट ओळख करून देऊन लिहिते, त्याला इलाज नाही.

आजची नोंद: यादीत तीनशे सेहेचाळीस नावं झाली. यादी रक्तदात्यांची. नाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. घरच्या कॉम्प्युटरवर बसून करते आणि मेलच्या खात्यात ठेवते, म्हणजे मोबाइलवरही दिसते. थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. दोन गल्ल्या सोडून निशा राहते, शिवणकाम करते. तिची सायली नऊ वर्षांची, गट बी निगेटिव्ह. तो गट मिळता मिळत नाही. रक्त चढवायची तिची पुढची पाळी वीस तारखेला आहे.

बंगळुरूहून नीरजाचा फोन आला. लेक आमची, पण बोलते सासूसारखी. "आई, सगळीकडं एकच पासवर्ड, तोही माझं नाव आणि जन्मसाल! बदल तो." बदलीन म्हटलं.

ह्यांनी दुपारी विचारलं, पेन्शनसाठी हयातीचा दाखला कॉम्प्युटरवरून कसा द्यायचा. मी यादीत गुंतले होते. म्हटलं, "मागच्या वर्षी दाखवलं होतं की. दर वेळी पहिल्यापासून काय सांगायचं?" हे गॅलरीत जाऊन बसले. पाटबंधारे खात्यात एवढी धरणाची गणितं केलेला माणूस, चार बटणं लक्षात राहू नयेत?

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या एसटीनं पैठणला. मावसबहीण द्वारकाच्या नातवाचं बारसं होतं. संध्याकाळी सहाला घरी पोचले तर हे कॉम्प्युटरसमोर. मला बघितलं आणि सरळ वायरच उपटली. "असं बंद करत नसतात हो," मी म्हटलं. बातम्या बघत होतो म्हणाले. जेवले नाहीत धड. पोट बिघडलंय म्हणे. ओव्याचं पाणी दिलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हे सकाळी म्हणाले, "आपण पासवर्ड बदलू या का?"

मी हसलेच. "आज एकदम काय सुचलं?"

"पेपरात वाचलं."

शनिवारी बघू म्हटलं. नीरजानं ह्यांनाही सांगितलेलं दिसतं.

कॉम्प्युटर फार रेंगाळतोय. एकदा तर बाण आपोआप सरकल्यासारखा वाटला. माऊस जुना झालाय, नवा आणायला हवा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सव्वानऊला निशाचा फोन आला. ती रडत होती. "काकू, माझ्या सायलीला काय झालं म्हणून सगळे विचारायलेत. तुम्ही असं का लिहिलंत हो?" मला काही उमजेना. मागून सायलीचा आवाज येत होता, पोह्यात खोबरं कमी आहे म्हणून.

मग फोनावर फोन. यादीतल्या लोकांना माझ्या नावानं, माझा फोटो लावलेल्या कुठल्या तरी नंबरावरून निरोप गेला होता. सायली अत्यवस्थ आहे, अतिदक्षता विभागात आहे, ताबडतोब पैसे पाठवा. खाली "तुमची दमयंतीताई". मी निरोपाखाली असंच लिहिते. मेल उघडायला गेले तर पासवर्ड चुकीचा म्हणून सांगतोय. माझंच खातं मला आत घेईना.

चौघांनी पैसे पाठवले. पैकी एक सुदर्शन, इथंच राहणारे शाळामास्तर. आजवर सायलीला त्यांनी तीनदा रक्त दिलंय. शांतपणे म्हणाले, "ताई, मी विचारसुद्धा केला नाही. तुमचं नाव बघितलं आणि पाठवले." ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

ह्यांनी १९३० या मदत क्रमांकाला फोन लावून दिला. मला बोलता येईना तर ह्यांनीच सगळं सांगितलं. मला म्हणाले, "तुझी काही चूक नाही." किती वेळा म्हणाले! मला उलट वाटतंय, चूक माझीच. तो पासवर्ड. काय काय उघडत असते मी दिवसभर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सायबर पोलीस ठाण्यात गेलो. मी घाबरले होते, आयुष्यात कधी चौकीची पायरी चढले नव्हते. तिथल्या प्रेरणामॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. पाणी दिलं, बसवलं. तक्रार लिहून घेताना एकदाही "असं कसं केलंत" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, रोज माणसं येतात इथं. डॉक्टर येतात, वकील येतात. उशिरा येतात ते वाईट. लाजेपायी चार दिवस गप्प बसतात, तेवढ्यात चोर सगळं नेतो."

मग विचारलं, अलीकडं कुठला अनोळखी मेल उघडला होता का, कुठला प्रोग्राम घालून घेतला होता का. मी म्हटलं, मला आठवत नाही, पण माझ्याकडूनच झालं असणार. हे उठून बाहेर पाणी प्यायला गेले. पेला टेबलावर भरलेलाच होता.

देवाची कृपा म्हणा की नीरजाची म्हणा, मेलच्या खात्याला माझा मोबाइल नंबर जोडलेला होता. मॅडमनी समोर बसवून खातं परत मिळवून दिलं. यादी जागच्या जागी आहे. कागदावर एक मोठ्ठा पासवर्ड लिहायला लावला, स्वयंपाकघरातल्या चार असंबद्ध वस्तूंचा. वस्तू कोणत्या ते इथंही लिहीत नाही. शिवाय आता दर वेळी मोबाइलवर आकडे येतात, ते दिल्याशिवाय खातं उघडत नाही. ते आकडे सख्ख्या भावालाही सांगायचे नाहीत, असं मॅडमनी बजावलंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अजमतभाई घरी येऊन कॉम्प्युटर तपासून गेले. ह्यांच्या ऑफिसातली यंत्रं वीस वर्षं तेच बघायचे. तासभर तपासत होते. मग खुर्ची वळवली.

"आपा, फिकर नक्को करो. मगर इसमें बाहर के आदमी कू अंदर आने का दरवाजा खुला था. वो अपने घर में बैठ के तुम्हारा सब देखता था, चलाता था."

म्हणजे तो बाण! माऊसला उगाच दोष दिला.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ये देखो. इतवार, नौ तारीख, दोपहर तीन बजके पच्चीस मिनट. तब डाला है."

रविवारी दुपारी तर मी पैठणला होते, पाळण्याजवळ. मी सांगितलं, ह्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकतं, दिवाळीआधी आतला सेल गेला होता. अजमतभाईंनी ह्यांच्याकडं एकदा बघितलं. "हौ," म्हणाले, "होता ऐसा भी."

हे चहा करायला गेले. स्वतःहून! साखर दोनदा पडली, पण अजमतभाईंनी गोड मानून घेतला.

त्यांनी सगळं पुसून कॉम्प्युटर नव्यानं भरून दिला. यादीची एक प्रत हार्ड डिस्कच्या वेगळ्या डबीत काढली आणि डबी कपाटात ठेवायला सांगितली, कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवायची नाही. रोजच्या कामासाठी साधं खातं वेगळं, प्रोग्राम घालायचं खातं वेगळं. जाताना मजुरी घेईनात. म्हणाले, "मेरी भांजी कू भी खून लगा था, आपा. तुम भूले, मैं नहीं भूला." मला खरंच आठवत नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सायलीसाठी आज निरोप पाठवला. खराखुरा, माझ्या नंबरावरून. रक्तपेढीत बी निगेटिव्ह नाही, वीस तारखेला रक्त हवं तर उद्यापर्यंत दाता यायला हवा, पुढं तपासण्यांना वेळ लागतो. यादीत बी निगेटिव्ह अकरा जण. नऊ जणांची तीन महिन्यांची मुदत भरलेली नाही. राहिले दोन, सुदर्शन आणि करमाडचे पुंजाराम.

दिवसभर कुणाचं उत्तर नाही.

संध्याकाळी पुंजारामांच्या नंबरावरून एवढंच आलं: "परत सुरू केलं का?" लगेच फोन लावला, तर लागेना. नंबर बंद करून टाकलाय माझा.

आता कळलं चोरांनी नेमकं काय नेलं ते. मी खरं बोलतेय हे मी कशानं दाखवू? निशाला काय सांगू? ती सारखी विचारते, "मिळेल ना काकू?" सायलीचे ओठ पांढरे पडायला लागलेत. ते मला दिसतं, निशालाही दिसतं, आणि आम्ही दोघी हवापाण्याचं बोलतो.

हे म्हणाले, "उद्या स्कूटर काढतो. दारात जाऊन उभे राहू."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं सविस्तर लिहिणार आहे आज.

आठ वाजता सुदर्शन मास्तरांकडं गेलो. त्यांनी दार उघडलं, आत बोलावलं, पण डावा गाल सुजलेला. काल खालची दाढ काढली, औषधं चालू आहेत. अशा माणसाचं रक्त घेता येत नाही, हे मीच आयुष्यभर लोकांना सांगत आले. "ताई, मी आलो असतो," ते म्हणाले. मी त्यांची माफी मागितली. ते फाटकापर्यंत सोडायला आले.

मग करमाड. जालना रोडला एवढे ट्रक, आणि हे ताशी तीसच्या वर जाईनात. पुंजारामांचं घर विचारत विचारत सापडलं. ओट्यावर त्यांची आई, साळूबाई, तूर निवडत बसलेली. सत्तरीची असेल. मी सांगितलं, मी दमयंतीताई, रक्ताची यादी ठेवते ती, पुंजाराम कुठं आहेत?

म्हातारीनं सूप खाली ठेवलं नाही. "नाय सांगत."

"अहो आजी, एका लेकराला रक्त हवंय."

"त्येच लिवलं व्हतं त्या फोनात. लेकरू मरायलंय, पैसे धाडा. माझ्या पोरानं सांगून ठिवलंय, कुनी आलं तरी काय बी सांगायचं नाय." मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी खऱ्या कशावरून?"

ओळखपत्र दाखवू लागले तर म्हणाली, "कागद कुनी बी छापतंय." आणि मला रडू आलं. भर ओट्यावर. सायलीचे ओठ आठवले. म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "रडू नका. बसा. तुमच्या फोनावरून नाय, मी माझ्या फोनावरून लावते त्याला. मग तो बगंल."

पोलक्यात ठेवलेला बटणांचा फोन काढला, एक बटण दाबून धरलं. पुंजाराम शेंद्र्याच्या कंपनीत, चहाच्या सुट्टीत होते. म्हातारीनं फोन माझ्या कानाला लावला पण हातातून सोडला नाही.

"ताई म्हंता स्वतःला," पुंजाराम म्हणाले, "तर मला सांगा, मागच्या खेपेला मी रक्त दिलं तवा काय झालं व्हतं?"

"तुम्ही उठायची घाई केलीत, भोवळ आली, आणि लिंबू सरबताचा अख्खा पेला माझ्या पिवळ्या साडीवर सांडलात. नंतर म्हणालात, घरी सांगू नका, आई हसंल."

पुंजाराम असे हसले की म्हातारीलाही ऐकू गेलं. "व्हय व्हय, तुमीच! माफ करा ताई. साडेतीनला शिफ्ट सुटती. सरळ रक्तपेढीत येतो. जेवून येतो, आता भोवळ नाय."

साळूबाईनं फोन पोलक्यात ठेवला. "चक्कर आली व्हती व्हय? मला म्हनला, पाय घसरला." आणि पदराच्या टोकानं माझे डोळे पुसले. चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही. मी तिच्या पाया पडले. म्हटलं, "तुम्ही मला शिकवलंत." म्हणाली, "काय शिकिवलं बाई, इचारलं निस्तं."

सव्वाचारला पुंजाराम आले. आत त्यांचं रक्त घेत होते, आम्ही बाहेर बाकावर. मी ह्यांना म्हणाले, "बघा, त्या आजीला अक्षर येत नाही, पण माझ्यासारखी फसली नाही."

हे जमिनीकडं बघत होते. म्हणाले, "दमयंती, घड्याळ बरोबर होतं."

मला आधी कळलंच नाही. कुठलं घड्याळ?

मग एकदम सगळं सांगितलं. रविवारी मेल आला होता, हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन बंद, खाली दाबा. ह्यांनी दाबलं. त्यांनी प्रोग्राम घाला म्हटलं, घातला. मेलचा पासवर्ड मागितला, दिला. मग पडद्यावर बाण आपोआप फिरायला लागला तेव्हा घाबरले. वायर काढली ती त्याला घाबरून. "रोज सांगणार होतो. पोलिसांत तू म्हणालीस माझीच चूक, तेव्हाही जीभ उचलली नाही. इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आपण जिवंत आहोत एवढं सिद्ध करता येत नाही, असं वाटलं. तुला परत विचारायची लाज वाटली."

मला राग आला. खोटं कशाला लिहू? रविवारी बोलले असते तर सोमवारी पासवर्ड बदलला असता, सुदर्शन मास्तर फसले नसते, निशा तशी रडली नसती. पाच दिवस मी स्वतःला दोष देत होते आणि हे ओव्याचं पाणी पीत होते! मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

तिथं बसल्यावर मात्र पाच तारीख आठवली. आता घरी लिहायला बसताना वही चाळली. माझ्याच अक्षरात आहे: दर वेळी पहिल्यापासून काय सांगायचं.

रक्तपेढीत नवीन मुली यायच्या. पिशवीवर चुकीची चिठ्ठी लागली तर मी त्यांना म्हणायचे, लगेच सांगा, मी ओरडणार नाही, लपवलंत तर जीव जाईल. त्या सांगायच्या. बाहेरच्या पोरींना जे दिलं ते घरात दिलं नाही.

मी त्या दुसऱ्या बाकावर असतानाच पुंजाराम हसत बाहेर आले, सरबताचा पेला दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी परत पहिल्या बाकावर गेले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सायलीला रक्त चढलं. दुपारी भेटायला गेले तर पलंगावर मांडी घालून चित्र रंगवत होती. ओठांना रंग आलाय. मला म्हणाली, "आज्जी, मी मेले म्हणून मेसेज आला होता ना? मग शाळेत मला सगळ्यांनी पेरू दिले."

निशा आणि मी एकमेकींकडं बघितलं, आणि तेरा तारखेनंतर पहिल्यांदा दोघी हसलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस फोन करतोय. यादीतल्या प्रत्येकाला. हे नंबर लावतात आणि पहिलं वाक्य हेच बोलतात, हट्टानं: "मी दमयंतीचा नवरा, वैजनाथ. चूक माझ्या हातून झाली." मग मी बोलते. पैसे मागणारा निरोप आमचा कधीच नसेल, आला तर आम्हाला आमच्या जुन्या नंबरावर उलटा फोन करा, आणि वाटेल तो प्रश्न विचारून खात्री करा. हा साळूबाईंचा नियम आहे असं मी सांगते.

सात जणांनी नाव काढायला सांगितलं, काढलं. एका बाईंनी ह्यांना पाच मिनिटं झापलं. हे "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत राहिले. पण एकजण म्हणाले, "काका, माझ्याकडूनही असंच झालं होतं, मी बायकोला अजून सांगितलं नाही." त्यानंतर हे त्यांच्याशी अर्धा तास बोलत होते, मला बाहेर घालवून.

पोलिसांनी एका फसलेल्याचे पैसे वाटेतच अडवलेत. सुदर्शन मास्तरांचे नाहीत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "थांबा, आधी सांगा, माझी कुठली दाढ काढलीय?"

"डावीकडची खालची."

"बरोबर. डिसेंबरच्या पाळीला माझं नाव लिहा."

लिहिलं. किती माणसं! यादीत होती तेव्हा तीनशे सेहेचाळीस ओळी होत्या नुसत्या. तीन दिवसांत प्रत्येकाचा आवाज ऐकला.

३० नोव्हेंबर, रविवार

हयातीचा दाखला आम्ही परवा बँकेत समक्ष जाऊन दिला. रांग होती. हे म्हणाले, बरी आहे रांग.

आज सकाळी मी कणीक मळत होते. समोरच्या खोलीतून ह्यांनी हाक मारली.

"दमयंती, जरा येतेस का? एक मेल आलाय. मला कळत नाहीये."

हात कणकेचे होते, तशीच गेले. ह्यांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता आणि मला बसायला शेजारी खुर्ची ओढली. आम्ही दोघांनी तो मेल पहिल्यापासून वाचला, सावकाश.